साफ केलेलं गाणं

माझ्या भावाला घरात सगळे बारक्या म्हणतात. जन्मला तेव्हा मुठीएवढा होता म्हणून ते नाव पडलं. आता तो लिफ्टमध्ये शिरला की उरलेल्यांना जिना चढावा लागतो, तरी नाव काही सुटलेलं नाही. बाहेर मात्र लोक त्याला ओळखतात ते त्याच्या चॅनेलमुळे. घरच्या घरी, कॉम्प्युटरवर संगीत कसं करायचं ते तो व्हिडिओतून शिकवतो. अंगात काळा टी-शर्ट, मागे जांभळा दिवा, आणि सुरुवातीला दोन्ही हात पसरून ‘नमस्कार, कानसेनांनो!’

आणि त्याला हे सगळं शिकवलं कोणी, तर मी. शेखी मिरवत नाही, जे आहे ते सांगते.

मी पडदे शिवते. एका मोठ्या दुकानाच्या मागच्या बाजूला आमचं वर्कशॉप आहे. मशीनवर आम्ही चौघीजणी, आणि कापड कापायला एक मास्तर. दिवसभर कानात मशीनचा खडखडाट. पण त्या खडखडाटातच मला पहिल्यांदा ठेका सापडला. शेजारणीची सुई आणि माझी सुई मागेपुढे चालायच्या, आणि मध्येच कधीतरी, कोणी न सांगता, अगदी बरोबर चालायला लागायच्या. तसं झालं की माझ्या अंगावर काटा यायचा. त्या काट्यापायी मी एक जुना लॅपटॉप घेतला, हातात धरायचा एक छोटा रेकॉर्डर घेतला आणि घरातल्या वस्तू वाजवून गाणी करायला लागले. गाणी म्हणजे शब्द नाहीत. नुसते ठोके, थोडे सूर आणि अधूनमधून पातेल्याचं झाकण.

बारक्याने तेव्हा नोकरी सोडली होती आणि पुढचं काही ठरत नव्हतं. लग्न झालेलं, घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, पण माझ्या सुट्टीच्या दुपारी येऊन माझ्या पलंगावर लोळत पडायचा आणि विचारायचा, “ताई, तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज घुमत कसा नाही गं?”

मी सांगायचे. “खोलीच्या मधोमध बसू नकोस आणि कोपऱ्यातही घुसू नकोस. कपड्यांचं कपाट सताड उघड आणि त्याच्यासमोर रेकॉर्ड कर. कपडे आवाज पिऊन टाकतात. पडदा लावलास तर जाड लाव, पण भिंतीला चिकटवून नाही, मध्ये वीतभर जागा सोड. ऐकताना आवाज बारीक ठेव. बारीक आवाजात जे बरं वाटतं तेच खरं बरं असतं, मोठ्याने तर सगळंच भारी वाटतं. कान दमले की उठायचं, दमलेल्या कानांनी काही ठरवायचं नाही. गाणं झालं की स्वयंपाकघरात जाऊन एखाद्या फालतू स्पीकरवर ऐक, नळ चालू ठेवून. तिथे टिकलं तर कुठेही टिकेल.”

“आणि?”

“आणि मूळ रेकॉर्डिंगला कधी हात लावायचा नाही. काय कापायचं, पुसायचं, रंगवायचं ते त्याच्या नकलेवर. कापडाला कात्री लागली की लागली, इथे निदान तेवढी तरी सोय आहे.”

तो सगळं मान डोलावत ऐकायचा. मग त्याने चॅनेल काढलं. पहिल्या काही व्हिडिओंत तो म्हणायचा, ‘माझी ताई सांगते’. नंतर ‘काही अनुभवी लोक सांगतात’ आलं. आणि मग ‘मी तुम्हाला नेहमी सांगतो’. मला हसू यायचं. बाबा म्हणायचे, “तू शिवलेलं त्याने अंगात घातलं की.”

“मापाला बसतंय ना बाबा? मग घालू दे,” मी म्हणायचे. आणि मला तसंच वाटायचं. सख्खा भाऊ, त्याच्याशी कसला हिशेब करायचा?

बाबांनी जन्मभर छापखान्यात मशीन चालवलं. म्हातारपणी फुप्फुसं दमली, तशी घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, भाड्याचं. पलंगाशेजारी ठेवलेला चाकांवरचा ठोकळा. सारखा घरघरायचा आणि ठरावीक वेळाने एक सुस्कारा टाकायचा. फुस्स, आणि मागोमाग आतून एक ठक.

त्या मशीनने माझ्या संगीताची पार वाट लावली. काहीही रेकॉर्ड करा, मागे फुस्स-ठक आहेच. मी दार लावून पाहिलं, दाराला गोधडी लावली, वर्कशॉपमधून उरलेलं मखमली कापड आणून दुहेरी पडदा शिवला. फुस्स-ठक काही मागे हटेना. बाबांपासून लांब जाऊन रेकॉर्ड करायचं म्हटलं तर कामावरून आल्यावरही त्यांना एकटं सोडवत नव्हतं. शेवटी एक दिवस मी भांडण सोडून दिलं आणि लॅपटॉपवरचा वेग त्या मशीनला जुळवून घेतला. दोन सुस्काऱ्यांच्या मध्ये माझी एक ओळ नेमकी बसायला लागली. मशीनला मी हाकलत होते तोवर ते शत्रू होतं, गाण्यात घेतलं तसं सरळ वागायला लागलं.

बाबांनी पलंगावरून ऐकलं आणि म्हणाले, “हे गाणं आहे की माझं मशीन बिघडलंय?”

“दोन्ही.”

“मग मलाही घे त्यात. नुसता पडून असतो.”

मी माझं शिवणाचं अंगुस्तान त्यांच्या बोटात घातलं. सुई टोचू नये म्हणून बोटावर चढवतात ते लोखंडी टोपण. त्यांना म्हटलं, पलंगाच्या दांडीवर वाजवा. ते वाजवायला लागले. टिण्. टिण्. त्यांचा प्रत्येक ठोका किंचित उशिरा यायचा, कारण ते आधी श्वास घ्यायचे आणि मग बोट उचलायचे. एक बटण दाबलं की सगळे उशिराचे ठोके मुकाट्याने रेषेवर येऊन उभे राहतात, अशी सोय कॉम्प्युटरवर असते. मी ते बटण दाबलं नाही. बाकीचं गाणं त्या उशिराच्या ठोक्यासाठी थांबतंय असं वाटायचं, आणि मला ते फार आवडायचं.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारभर आम्ही तोच खेळ खेळलो. शेवटी सूर विरत गेले, मी रेकॉर्डर हातात धरून श्वास रोखून बसले, कारण शेवटची शांतताही मला हवी होती. तेवढ्यात बाबांनी विचारलं, “झालं का गं?” आवाज अगदी पातळ, नळीतून आल्यासारखा. रेकॉर्डिंग चालू होतं म्हणून मी बोलले नाही, फक्त मान हलवली.

बारक्या रविवारी यायचा. वाईट नव्हता, फळं आणायचा, पाय चेपायचा. पण थोड्या वेळाने उठून बाल्कनीत जायचा. “त्या मशीनने डोकं उठतं माझं,” म्हणायचा.

मग बाबा गेले. भाड्याचं मशीन नेणारे नेऊन गेले, आणि घरात शांतता झाली, मला रेकॉर्डिंगला हवी होती तशी. पण हात चालेना. ते गाणं उघडायला जायचे आणि लॅपटॉप मिटून ठेवायचे. बाबांचे फोटो आहेत, लग्नकार्यातले हसरे व्हिडिओ आहेत, पण त्यांत ते सगळ्यांचे आहेत. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे एवढंच. धीर होईल तेव्हा ऐकू, असं ठरवून ठेवून दिलं. लॅपटॉपमध्ये होतं, रेकॉर्डरच्या कार्डातही होतं. घाई कसली?

मध्यंतरी माझा लॅपटॉप आपोआप बंद पडायला लागला. बारक्याला कळलं, तसा तो स्वतःचा वापरलेला लॅपटॉप घेऊन हजर. माझ्या दृष्टीने नवाच. “ताई, तुझा तो डबा दे, मी सगळं यावर उतरवून देतो. रेकॉर्डरही दे. कार्ड भरलंय म्हणत होतीस ना? तेही बघतो.”

मी दिलं. देताना एवढंच म्हणाले, “त्यातलं शेवटचं गाणं अर्धवट आहे. ते कोणाला ऐकवू नकोस. जपून ठेव.” बाबांचं आहे, असं म्हणणार होते, पण तो वायरी गुंडाळायला लागला आणि ते राहून गेलं.

“हे काय सांगायला पाहिजे का मला?” तो म्हणाला.

आठवड्याने सगळं परत आणून दिलं. “टापटीप करून दिलंय, बघशील तर खूश होशील. जुना डबा भंगारात.” माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ज्याला कडेवर घेऊन फिरले, त्याने आपली आठवण ठेवली. मी त्याच्या आवडीचं जेवण केलं, आणि तो दोनदा वाढून घेऊन जेवला.

वर्कशॉपमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर बसते तिला आम्ही बडबडी म्हणतो. जेवणाच्या सुट्टीत ती फोन डब्याला टेकवून काही ना काही बघत असते, आणि बारक्याचे व्हिडिओ तर हमखास, कारण तो माझा भाऊ. संगीतातलं तिला काही कळत नाही, पण तो विनोदी बोलतो ते आवडतं. त्या दिवशी तिने नवा व्हिडिओ लावला. घरगुती संगीतातल्या ढोबळ चुका, असं काहीतरी नाव होतं. मास्तरही चहाचा ग्लास घेऊन मागे येऊन उभे राहिले.

“आज एक नमुना आणलाय,” बारक्या सांगत होता. “एका हौशी बाईंनी पाठवलाय. नाव सांगत नाही, उगाच लाज कशाला काढा?”

आणि फोनमधून आवाज आला. फुस्स. ठक.

मी बॉबिनवर दोरा भरत होते. हात जागच्या जागी थांबला. मला आधी वाटलं, मला भास होतोय. मग टिण् वाजलं, किंचित उशिरा, आणि भासाची सोय उरली नाही.

बारक्याने गाणं थांबवलं. “ऐकलंत? संगीत चालू आहे आणि मागे कोणीतरी सायकलमध्ये हवा भरतंय!” पडद्यावर हवा भरणारा एक माणूस नाचत आला, आणि व्हिडिओत टाकतात तसलं तयार हसू वाजलं, शंभर माणसांचं. बडबडी खिदळली. “आणि हा ठोका बघा. याची बस सुटलीये बिचाऱ्याची. प्रत्येक वेळी मागून धावत येतोय.” पुन्हा हसू. मास्तरांच्या हातातला चहा हिंदकळला. “आणि शेवट तर कहरच. गाणं संपलंय की नाही ते यांचं यांनाच ठाऊक नाही. ऐका.”

“झालं का गं?” बाबांनी विचारलं.

आणि शंभर माणसं हसली. मागून टाळ्याही होत्या.

“आता ऐका मी काय केलं,” बारक्या म्हणाला आणि दुसरं गाणं वाजलं. म्हणजे गाणं तेच, पण आत कोणीच नव्हतं. ठोके सरळ रेषेत. सुस्कारा नाही. शेवटी सूर संपले आणि गुळगुळीत शांतता. मास्तर म्हणाले, “वा, फरक आहे हं.”

बडबडीने डोळे पुसले, हसून हसून पाणी आलं होतं. “कोण गं ही हौशी बाई? तुला माहिती असेल ना?”

“मी,” मी म्हणाले.

तिने फोन पालथा टाकला. मास्तरांनी ग्लास खाली ठेवला आणि उगाचच कापडाची घडी घालायला घेतली. मी पर्स उचलून निघाले. मागून कोणी हाक मारली नाही, आणि बरंच झालं.

आधी घरी गेले. लॅपटॉप उघडला, ते गाणं शोधलं. नाव तेच, मी ठेवलेलं. वाजवलं तर साफ केलेलं. रेकॉर्डर काढला. कार्ड कोरं, धुऊन ठेवलेल्या ताटासारखं स्वच्छ. मी तीनतीनदा पाहिलं, जणू चौथ्यांदा पाहिल्यावर त्यात काहीतरी उगवणार होतं. पण एक आशा होती. त्याने व्हिडिओत ऐकवलंय म्हणजे त्याच्याकडे असणार. तेवढ्या आशेवर मी बस पकडली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, तरी बसमध्ये मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, त्याला फार लागणार नाही अशी. सवय, दुसरं काय?

भावजयीने दार उघडलं. “ताई, या वेळेला? जेवलात का?”

“बारक्या कुठाय?”

तो आतल्या खोलीत कानांना हेडफोन लावून बसला होता. भिंतींवर राखाडी फोम, आणि खिडकीला मी शिवून दिलेला जाड पडदा, भिंतीपासून वीतभर सोडून. मला बघून त्याने हेडफोन गळ्यात घेतला आणि हसला.

“हौशी बाई आल्यात,” मी म्हणाले. जुळवलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही.

तो आणखीच हसला. “अगं, नाव घेतलं का मी? किती जपून बोललोय बघ. आणि बघितलंस किती जणांनी पाहिलाय? आजवर एवढा एकही चालला नव्हता.”

“कोणाला ऐकवू नकोस म्हणाले होते तुला.”

“अगं ताई, शिकवायचं म्हणजे चुकीचा नमुना नको का दाखवायला? तो कुठून आणू?”

“तुझी पहिली गाणी काय कमी चुकीची होती?”

“स्वतःची कशी दाखवणार?” तो म्हणाला. अगदी सहज. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि मला त्याचंच जास्त लागलं.

“ताई म्हणायलाही लाज वाटली तुला. हौशी बाई!”

“अगं, बहिणीचं गाणं असं आहे म्हटलं तर लोक काय म्हणतील? तुझ्याच भल्यासाठी—”

“मूळ रेकॉर्डिंग दे.”

“ते कशाला? मी साफ करून दिलंय ना तुला. ऐकलं नाहीस का? अगं, तीन दिवस घालवलेत त्यावर. तो मशीनचा आवाज काढायला जीव गेला माझा.”

“मूळ दे, बारक्या.”

“ते नाहीये गं. साफ केलेलं त्याच नावाने ठेवलं, म्हणजे तुझा गोंधळ नको. जुना डबा भंगारात गेला. कार्ड मी पुसून दिलं.”

“आणि व्हिडिओसाठी वापरलंस ते?”

“व्हिडिओ तयार झाला की आतला कच्चा माल मी उडवतो. जागा किती खातं ते!”

“तूच सांगत फिरतोस ना जगाला? मूळ रेकॉर्डिंगला हात लावू नका, नकलेवर काम करा?”

“ते शिकणाऱ्यांसाठी असतं गं,” तो म्हणाला.

मी खुर्चीत बसले. भावजय पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती, आत यावं की नाही हे तिला कळत नव्हतं. बारक्याला वाटलं, मी व्हिडिओवरून रुसले आहे. तो जरा फुरंगटून म्हणाला, “एवढं लागलं असेल तर काढून टाकतो व्हिडिओ. माझं नुकसान झालं तरी चालेल. हे बघ, तुझ्यासमोर काढतो. घरच्या कॉम्प्युटरवरूनही आणि चॅनेलवरूनही. मग तर झालं?”

त्याने पटापट बटणं दाबली. पडद्यावर चौकोन आला. कायमचं काढायचं का, असं विचारत होता. बारक्याचं बोट माऊसवर होतं.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळीकडून पुसलेले बाबा आता या एकाच ठिकाणी होते. सायकलवाल्याच्या मागे, शंभर माणसांच्या हसण्याखाली.

“थांब!” मी एवढ्या जोरात ओरडले की भावजयीच्या हातातलं पाणी सांडलं. “काढू नकोस.”

बारक्याचा चेहरा खुलला. “बघ! मी म्हटलं नव्हतं? लोकांना आवडतंय गं ते. उगाच मनाला लावून घेतलंस.”

मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. लहान असता तर काढलाही असता. “तो भाग लाव,” मी म्हणाले. “पहिला. आणि डोळे मीट.”

“कशाला?”

“मीट म्हणते ना!”

त्याने लावला, डोळे मिटले. फुस्स. ठक. “हे काय आहे?” मी विचारलं.

“कसलातरी पंप. मशीन काहीतरी.”

“कुठलं मशीन? ज्याने तुझं डोकं उठायचं ते कुठलं होतं?”

टिण् वाजलं. “हे?” त्याचे डोळे मिटलेलेच होते, पण पापण्या हलायला लागल्या होत्या. मधलं त्याचं स्वतःचं बोलणं आलं, सायकल, बस, हसू, आणि ते सगळं त्याला ऐकावं लागलं. मी त्याला पुढे ढकलू दिलं नाही. मग शेवट आला.

“झालं का गं?”

“अहो, हे तर बाबा!” भावजय दारातून म्हणाली.

तिने पहिल्यांदा ऐकलं आणि ओळखलं. माझ्या भावाने तीन दिवस कानाला लावून ऐकलं, पुन्हा पुन्हा ऐकलं, एकेक श्वास शोधून शोधून कापला, आणि ओळखलं नाही. सुनेने ओळखलं, मुलाने नाही.

बारक्याने डोळे उघडले. आधी त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि मग तोंड हातांत घेऊन रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, खांदे उडवत. “मला कळलंच नाही गं ताई. शपथ, मला कळलं नाही.”

“तेच तर,” मी म्हणाले.

लहानपणी तो असा रडला की मी धावायचे. आताही माझा हात उचलला गेला, त्याच्या पाठीकडे. पण गेला नाही. बाप माझाही होता. गाणं माझं होतं, फसवणूक माझी झाली होती, आणि समजूतही मीच घालायची? मी हात परत मांडीवर ठेवला.

थोड्या वेळाने त्याने नाक पुसलं आणि हेडफोन ओढला. “थांब, मी बघतो काहीतरी. ते हसू काढता येईल बहुतेक. आवाज वेगळे करता येतात हल्ली. मी साफ करून देतो तुला.”

“हात लावायचा नाही!” मी म्हणाले. “साफ करायचं नाव काढलंस तर बघ.”

हसू काढायला गेलं की त्याच्याबरोबर बाबाही थोडे निघणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. एका पाण्यात दोन रंग मिसळल्यावर एकच काढून घेता येत नाही. मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. “अख्खा व्हिडिओ यावर दे. जसा आहे तसा. तुझ्या बडबडीसकट.” त्याने दिला. मी तिथेच तपासला, शेवटपर्यंत. भावजयीच्या फोनवरही एक प्रत टाकायला सांगितली. तिने न विचारता टाकली आणि म्हणाली, “मी जपीन, ताई.” बारक्याला मी जपायला काही दिलं नाही.

निघताना त्याने विचारलं, “आता चॅनेलवरून काढू का?”

“काढ. आणि का काढलास तेही सांग लोकांना.”

त्याने काढला. संध्याकाळी बडबडीने मला फोनवर पाठवलं, तिथे आता काय लिहिलंय ते. ‘काही तांत्रिक कारणामुळे हा भाग काढण्यात आला आहे. क्षमस्व, कानसेनांनो!’ मी ते दोनदा वाचलं. बाबा तांत्रिक कारण झाले होते, आणि मी अजून हौशी बाईच होते.

त्यानंतर त्याचे फोन येतात. मी उचलत नाही. भावजयीशी बोलते. तो रडतो म्हणून ती सांगते, मी ऐकून घेते. कधीतरी बोलेनही त्याच्याशी, सख्खा भाऊ आहे, जाणार कुठे? पण पूर्वी त्याच्यासाठी सगळी दारं उघडी टाकणारी ताई आता मी नाही.

व्हिडिओ मी स्वयंपाकघरात ऐकते, त्या फालतू स्पीकरवर, नळ चालू ठेवून. नळाच्या आवाजात बारक्याचं बोलणं जरा बुजतं. सायकल येते, बस येते, दोन्ही वेळा मी दात ओठ खाऊन थांबते. मग शेवटचे सूर विरतात आणि मी नळ बंद करते.

“झालं का गं?” बाबा विचारतात.

त्यांचा प्रश्न आणि लोकांचं हसणं, यांच्या मध्ये एक बारीकशी फट राहून गेली आहे. बारक्याने हसू किंचित उशिरा टाकलं असावं, त्याच्याही हातात बापाचा उशीर उतरला असावा. त्या दिवशी मी नुसती मान हलवली होती, म्हणून आता त्या फटीत उत्तर द्यायचा प्रयत्न करते. ‘झालं बाबा’ एवढं तिथे मावत नाही, मध्येच ती शंभर माणसं हसतात. खूपदा करून बघितलं. फक्त ‘हो’ मावतो, तोही घाईघाईने म्हटला तर.